ट्राइकवरच्या कॅमेऱ्यात पुन्हापुन्हा येणारी ‘जेली’ : आधी लहरी मोजा, मग पाना उचला

जानेवारीतली सकाळ, साडेसात वाजलेले. कॅप्टन त्यांचं ट्राइक, म्हणजे दोन सीटचं छोटं विमान, घेऊन उतरले तसा मी त्यावरचा कॅमेरा सोडवला आणि लॅपटॉपला लावला. वर आकाश स्वच्छ, खाली हरभऱ्याचे हिरवे चौकोन, लांब अरुणावतीचं पाणी. चित्र सुरेख होतं, फक्त स्थिर नव्हतं. तुरीच्या सरळ ओळी सापासारख्या वळवळत होत्या, विजेचा खांब मधूनच वाकून पुन्हा ताठ होत होता. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर दिसतात तशा झळा. दुकानातला पोरगा खांद्यावरून पाहत होता. म्हणाला, “भाऊ, थंडीत झळा कायच्या निंगून रायल्या?”

झळा नव्हत्या. कॅमेऱ्याची भाषा बोलणारे याला ‘जेली’ म्हणतात. चार महिन्यांत हा त्रास आम्हाला तीनदा झाला. दर वेळी वाटलं की मागच्या वेळची दुरुस्ती कच्ची राहिली. तसं नव्हतं. दिसायला आजार एकच होता, कारण मात्र तिन्ही वेळा वेगळं निघालं. ते ओळखायची एक सोपी युक्ती आम्हाला फार उशिरा सुचली, म्हणून हे लिहून ठेवतो.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी पायलट नाही. दारव्ह्याला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ट्रॉलीचे हूक, कल्टिव्हेटरचे फाळ, खिडक्यांच्या ग्रिल हेच रोजचं काम. कॅप्टन म्हणजे ओळखीचे एक गृहस्थ. गावात सगळे त्यांना कॅप्टनच म्हणतात. त्यांचं दोन सीटचं ट्राइक आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: वर हँग ग्लायडरसारखा कापडी पंख, त्याच्या मधल्या नळीला एका बोल्टवर टांगलेली तीन चाकांची गाडी, पुढे पायलट, त्याच्या मागे दुसरा माणूस, आणि सगळ्यांच्या मागे इंजिन व पंखा. वळवायचं तर समोरचा आडवा बार धरून आपलंच वजन सरकवायचं. इंजिन रोटॅक्स ५८२, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. खालचे आकडे याच इंजिनाचे आहेत. तुमचं इंजिन रोटॅक्स ९१२ असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

जेली येते कशी

कॅमेऱ्याचा सेन्सर अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाही. तो वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ वाचत जातो, आपण वहीचं पान वाचतो तसा. या वाचनाला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात कॅमेरा डावीउजवीकडे हलला, तर वरची ओळ एका जागेवरून टिपली जाते आणि खालची दुसऱ्या जागेवरून. सरळ खांब तिरपा होतो. वाचन चालू असताना कॅमेरा दोनचार वेळा हेलकावला, तर खांब नागमोडी होतो.

म्हणजे खांबातली लहर हा कंपनाचा आलेखच असतो. चित्र थांबवा आणि एका फ्रेममध्ये वरपासून खालपर्यंत किती लहरी आहेत ते मोजा. भागिले वाचनाचा वेळ, की कंपनाची वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती कंपनं, हातात. सेकंदाला ६० फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्याला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांच्या आत वाचून संपवावीच लागते, त्यामुळे नेमका आकडा माहीत नसेल तर १६ धरून चाला. चोर ओळखायला तेवढं पुरतं.

आता आमच्या इंजिनाचा हिशेब. साध्या उड्डाणात ते ५५०० आरपीएमवर चालतं. ५५०० भागिले ६०, म्हणजे क्रँक, इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, सेकंदाला साधारण ९२ वेळा फिरते. टू-स्ट्रोकची दोन सिलिंडरं एका फेऱ्यात एकेकदा पेटतात, म्हणजे सेकंदाला १८३ धमाके. गिअरबॉक्सचं गुणोत्तर २.५८, म्हणून पंखा मिनिटाला सुमारे २१३०, सेकंदाला साडेपस्तीस फेरे मारतो. पाती तीन, म्हणजे एखाद्या जागेवरून सेकंदाला १०६-१०७ पाती जातात.

१६ मिलिसेकंदांत यांच्या लहरी किती बसतात ते पाहा. पंख्याची साडेपस्तीसची लहर जेमतेम अर्धी मावते, म्हणून खांब नुसता तिरपा होतो किंवा धनुष्यासारखा वाकतो, आणि पुढच्या फ्रेममध्ये उलट्या बाजूला. क्रँकच्या दीड लहरी मावतात, तिथे इंग्रजी एससारखा आकार दिसतो. पात्यांची लहर क्रँकच्या जवळच, पावणेदोनच्या आसपास. नुसत्या डोळ्यांना या दोघींत फरक करणं कठीण. धमाक्यांच्या जवळजवळ तीन लहरी दिसतात, बारीक, कंगव्यासारख्या.

पहिल्या दिवशीच हे केलं असतं तर महिनाभराची खटपट वाचली असती. आम्ही काय केलं? स्पंज आणला.

पहिली फेरी : लांब दांडी आणि स्पंज

कॅप्टनना चित्रात स्वतःचा चेहरा, पुढचं चाक आणि क्षितिज, तिन्ही हवं होतं. म्हणून मी १९ मिमी व्यासाच्या, दीड मिमी जाडीच्या अ‍ॅल्युमिनियम नळीची ४० सेंमीची दांडी केली आणि पुढच्या तिरप्या नळीला होज क्लिपनं बांधली. टोकाला कॅमेरा. हातानं हलवून पाहिली तर घट्ट. दुकानात सगळे खूश. वर गेल्यावर खांब धनुष्य.

तेव्हा सगळ्यांनी एकच सल्ला दिला: खाली मऊ काहीतरी घाला, धक्के शोषले जातील. सोफ्याचा स्पंज घातला आणि चित्र दुपटीनं बिघडलं. का, ते नंतर कळलं. मऊ गादी सगळेच धक्के शोषत नाही. तिला तिची स्वतःची एक लय असते. बाहेरून येणारं कंपन त्या लयीच्या सुमारे १.४ पटीहून वेगवान असेल तरच गादी ते अडवते. त्याहून हळू असेल तर ती ते वाढवते, आणि दोन्ही लयी जुळल्या तर झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखं होतं. दीडशे ग्रॅमचा कॅमेरा इतका हलका की त्याच्या वजनानं स्पंज नीट दबतसुद्धा नाही, म्हणून लय उंचच राहते. साडेपस्तीसला खरोखर अडवायचं तर लय पंधराच्या आसपास आणावी लागेल. तेवढी मऊ गादी ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्यात कॅमेऱ्याला पताकेसारखी फडफडवते. मोठ्या, जड कॅमेऱ्यांना मऊ माउंट चालतात ते त्यांच्या वजनामुळे. आपल्या डबीएवढ्या कॅमेऱ्याला ते मानवत नाही, हे माझं ठाम मत.

कॅप्टननी व्हिडिओ पाहिला आणि म्हणाले, “अरे, तू तं कॅमेऱ्याले माउंट नाई, झोका करून देल्ला बावा.”

खरं कारण दांडीच्या लांबीत होतं. इथे फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप कामी आलं. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्र विद्यापीठानं ते केलंय. फोनमधल्या सेन्सरांनी प्रयोग करता येतात, त्यात कंपनाचा वर्णपटही, म्हणजे कुठल्या वारंवारतेचं कंपन किती याचा आलेखही दिसतो. कॅमेऱ्याच्या जागी फोन बांधला, इंजिन बंद ठेवलं, दांडीच्या टोकाला लाकडी मुठीनं एक टिचकी दिली. आलेखावर उंच सुळका, साधारण ३४ वर. पंखा साडेपस्तीस, दांडी ३४. मी नकळत पंख्याच्या सुरात लावलेली सतारीची तारच बांधली होती.

ही चाचणी करणार असाल तर एक लक्षात ठेवा. बहुतेक फोनांचा सेन्सर सेकंदाला काहीशेच नोंदी घेतो, आणि नोंदींच्या निम्म्याच्या वरची वारंवारता त्याला खरी दिसत नाही. तिथे तो खोटा सुळका दाखवतो. ३०-४० ची मोजणी भरवशाची, १८३ ची बहुतेक फोनांवर नाही.

दुसरी फेरी : अर्धी दांडी, बारीक लहर

दांडी कापून २० सेंमी केली. एका टोकाला धरलेल्या दांडीचा ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो: लांबी निम्मी केली की ताठपणा ८ पट, आणि लय त्याच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे २.८ पट. ३४ चे झाले ९६-९७. पंख्याचा जाच संपला. चित्र पुष्कळ सुधारलं, आम्ही चहा प्यायलो, कॅप्टननी दोन उड्डाणं आनंदात केली.

तिसऱ्या उड्डाणात पुन्हा जेली. या वेळी खांब धनुष्य नव्हता, एस होता. म्हणजे दीड लहर. म्हणजे क्रँक. ९२ च्या शेजारी मी ९७ ची दांडी नेऊन ठेवली होती. मग पहिली दोन उड्डाणं बरी कशी गेली? ही गोम शोधायला आठवडा गेला.

होज क्लिपच्या आत मी सायकलच्या ट्यूबचे दोन पदर घातले होते, ट्राइकच्या नळीला ओरखडा पडू नये म्हणून. हेतू बरोबर, त्या नळ्यांवर खोल ओरखडा म्हणजे पुढे तडा सुरू व्हायची जागा. वस्तू मात्र चुकीची. दाबाखाली रबर हळूहळू पसरतं, उन्हात अधिकच. तीन दिवसांत क्लिप न फिरवताही सैल झाली होती. पकड सैल झाली की दांडीची लय खाली घसरते. ९७ वरून उतरत ती नेमकी ९२ वर येऊन बसली. क्लिप आवळली की पुन्हा बरं, दोन दिवसांनी पुन्हा जेली. ‘दुरुस्त केलं तरी परत येतं’ अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी पकडीच्या आतलं रबर काढून पाहा. माझा अंदाज, निम्म्या लोकांचं कोडं तिथेच सुटेल.

रबराच्या जागी मी निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रमची पट्टी कापून घातली, तीन मिमी जाड. आपल्याकडे पाणी साठवायला जे ड्रम असतात तेच. ते प्लॅस्टिक नळीला इजा करत नाही आणि रबरासारखं पसरतही नाही. होज क्लिपच्या जागी दोन अर्धगोल पट्ट्यांचा क्लॅम्प, चार बोल्ट, आणि थरथरीनं सहज न सुटणारे नायलॉक नट. पट्टी गरम पाण्यात मऊ करून नळीवरच वळवली की चपखल बसते. नटांवर रंगाची एक रेघ मारून ठेवा, अर्धी नटावर, अर्धी क्लॅम्पवर. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. उड्डाणाआधी तपासायला दोन सेकंद लागतात.

दुसरी ढिलाई होती कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या प्लॅस्टिकच्या बोटांच्या सांध्यांत. दोन बोटं तीन बोटांत घालून स्क्रू आवळतो, तेच. कोन जमवायला मी असे तीन सांधे साखळीसारखे जोडले होते. प्रत्येक सांधा म्हणजे एक स्प्रिंग, आणि तीन स्प्रिंगा एकापुढे एक लावल्या की मऊपणाची बेरीज होते. खालची दांडी लोखंडी केली तरी वर हे असेल तर उपयोग नाही. मी कोन ठरवून टाकला, त्याच कोनात अ‍ॅल्युमिनियमचा जाड तुकडा घासून बसवला आणि सांधा एकच ठेवला. कॅप्टन आधी कुरकुरले, की आता कोन बदलता येणार नाही. मी म्हटलं, “साहेब, कोन पाहिजे की चित्र?”

दांडी शेवटी १० सेंमीची राहिली. कागदावर तिची लय २७२ पर्यंत जाते. क्लॅम्प आणि सांधा धरला तर खरी लय बरीच खाली असणार, पण क्रँकच्या आणि पात्यांच्या कचाट्यातून ती सुटली. जागाही बदलली: पुढच्या तिरप्या नळीचा मधला भाग सोडून, सीटच्या फ्रेमजवळ जिथे तीन नळ्या एकत्र येतात तिथे. लांब नळीचा मध्य सगळ्यात जास्त झुलतो, सांध्याजवळ ती मुकाट्यानं बसते. चित्रात कॅप्टनचा चेहरा आता तीनचतुर्थांशच येतो. पुढचं चाक गेलं. चाकाचं दुःख मला नाही. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यानंतर दीड महिना त्या चाकावर चिखलाचा लाडूच असतो.

तिसरी फेरी : कॅमेऱ्याला हात लावू नका

फेब्रुवारीभर सगळं चोख. मार्चच्या सुरुवातीला पुन्हा जेली. क्लॅम्प पाहिला, रेघा जुळलेल्या. सांधा घट्ट. टिचकी मारली, आवाज टणक. चित्र थांबवून पाहिलं तर खांब धनुष्य, अर्धी लहर. पंखा. पण दांडी तर आता पंख्याच्या सुरापासून कोसभर दूर होती. म्हणजे दांडी कंपन वाढवत नव्हती, कंपनच वाढलं होतं.

मग दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट आठवली. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. उन्हाळा लागला तशी चित्रं फार चकचकीत यायला लागली, म्हणून मी कॅमेऱ्यावर एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी काळसर काच, लावला होता. कडक उन्हात कॅमेरा आपणहून शटर १/२००० सेकंदापर्यंत नेतो, त्यामुळे प्रत्येक थरथर धारदार टिपली जाते. सोळा पट प्रकाश अडवणारा फिल्टर लावला की शटर १/१२५ वर येतं, लहरी पुसट होतात, डोळ्याला चित्र मऊ वाटतं. रोग जात नाही, फक्त पावडर लागते, तरी पावडर बरी दिसते. फिल्टर आट्यांचा होता. जमिनीवर इंजिन तापवताना थरथरीनं आटे सुटले. ‘टिक’ असा आवाज आला, एवढाच. कॅप्टननी लगेच इंजिन बंद केलं. एका पात्याच्या धारेवर तांदळाच्या दाण्याएवढा टवका.

पाती १.६ मीटर व्यासाच्या पंख्याची. उड्डाणाच्या वेगाला त्याचं टोक ताशी ६४० किलोमीटरच्या आसपास धावतं. पुढून सुटलेली कुठलीही वस्तू वाऱ्यानं सरळ मागे तिथेच जाते: फिल्टर, लेन्सची टोपी, स्क्रू, टोपी, रुमाल, मोबाइल. पंखा पुढे असलेल्या विमानातून काही पडलं तर ते खाली पडतं. इथे ते आपल्याच पाठीत येतं. त्या दिवशी इंजिन मंद होतं आणि वस्तू चार ग्रॅमची होती, म्हणून दाण्यावर भागलं.

टवका पंख्याच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेत होता, त्यामुळे पुस्तकात लिहिल्याप्रमाणे तो इपॉक्सीनं भरून घासला गेला. भरताना ते पातं बाकीच्या दोघांपेक्षा किंचित जड झालं असावं. किंचित म्हणजे किती? केंद्रापासून ७५ सेंमीवर एका ग्रॅमचा फरक असेल, तर २१३० फेऱ्यांना तो पंख्याला जवळपास पावणेचार किलोच्या जोरानं एका बाजूला ओढतो, आणि ती बाजू सेकंदाला साडेपस्तीस वेळा फिरते. कॅप्टनना सीटवर ते जाणवलं नव्हतं. ५८२ तशीही कुठे शांत असते. कॅमेऱ्यानं सांगितलं.

पंखा काढून समतोल पाहिला, पात्यांचे कोनही तपासले, कारण जमिनीवर कोन बदलता येणाऱ्या पंख्यात एक पातं अर्ध्या अंशानं जरी वेगळं बसलं तरी तशीच थरथर होते. हे काम माझं नव्हे; ज्याला त्याचा अधिकार आहे त्यानंच ते केलं. पंखा परत बसला आणि जेली गेली. मी कॅमेऱ्याला बोटही लावलं नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्याकडे एक पद्धत पडली. माउंट बदललेलं नाही, रेघा जुळतात आणि तरी जेली आली, तर पाना कॅमेऱ्याकडे न्यायचाच नाही. पंखा, पात्यांच्या धारा, इंजिनाखालची रबरं, एक्झॉस्टच्या स्प्रिंगा हे सगळं तपासून होईपर्यंत उड्डाण बंद. कॅप्टन आता दर उड्डाणानंतर सरळ खांबाचा एक व्हिडिओ जपून ठेवतात. जुना आणि नवा शेजारी ठेवला की फरक लगेच कळतो.

सुटू नये म्हणून

आट्यांचा फिल्टर बंद. लावायचाच तर कॅमेऱ्याच्या चौकटीत अडकणारा, आणि त्यावरून चिकटपट्टीचा एक वेढा. खेचून चिकटणारा रबरी सक्शन कप ट्राइकवर नकोच. आपल्याकडची धूळ आणि एप्रिलचं ऊन पाहता तो कधी सुटेल याचा नेम नाही. दुहेरी चिकटपट्टीचं पॅड वापरायचं असेल तर पॉड, म्हणजे ट्राइकचं पुढचं आवरण, आधी स्पिरिटनं पुसा आणि पॅड लावून तीन दिवस थांबा. चांगल्या फोमपट्टीची पूर्ण पकड बसायला ७२ तासांच्या आसपास लागतात. सकाळी चिकटवून सकाळीच उडायचं नाही.

दोरी हवीच, आणि ती कॅमेऱ्यालाच बांधलेली हवी, माउंटला नाही; तुटतो तो बहुधा सांधा. पण लांब दोरी ही दोरी नसल्यापेक्षा वाईट. लोंबकळणारा कॅमेरा पंख्यापर्यंत पोचता कामा नये. दोरी ताणून मागे धरा आणि पात्यापासून किती लांब राहते ते डोळ्यांनी पाहा. आमची १५ सेंमीची आहे. पातळ पोलादी तारही मी काढून टाकली. ती पंख्यात गेलीच तर सुतळीपेक्षा कितीतरी वाईट.

बारवर, म्हणजे पायलट ज्याला धरतो त्या आडव्या नळीवर, काहीही लावू नका. पंखाच्या तारांवरही नाही. बार छातीपर्यंत ओढून आणि पूर्ण पुढे ढकलून, दोन्ही बाजूंना, माउंट कुठे अडत नाही ना हे पायलटनं सीटवर बसून स्वतः पाहिलं पाहिजे. होकायंत्राजवळ कॅमेरा नेला की सुई हलते, हेही आम्हाला तसंच कळलं. आणि नळीला भोक पाडायचं नाही. ट्रॉलीला चालतं म्हणून इथे चालत नाही, हे मी स्वतःलाच सांगतोय.

पंखाच्या टोकावर कॅमेरा लावायची हौस बऱ्याच जणांना असते. वजनाची भीती वाटते, पण हिशेब केला तर वजन फारसं त्रास देत नाही: अर्धा किलोचा संच साडेचार मीटरवर बसवला आणि खाली ३०० किलो टांगलेलं असेल, तर ते तोलायला गाडी साडेसात मिमी सरकली की पुरे. खरी काळजी वेगळी आहे. तिथलं कापड, त्यातल्या पट्ट्या आणि टोकाचा पीळ यांवर पंखाचा स्वभाव ठरतो; क्लॅम्पनं तो आकार दाबला की विमान एका बाजूला ओढायला लागतं. मधल्या नळीच्या मागच्या टोकाला वजन लावलं की पंखाचं नाक वर उचललं जातं आणि वेग कमी होतो. पंख बनवणाऱ्या कंपनीचं पुस्तक जिथे हो म्हणेल तिथेच लावा. आम्ही टोकाचा नाद सोडला.

परवानगीचंही सांगून टाकतो, कारण लोक ते विसरतात. उडत्या विमानातून फोटो काढणं हे विमान नियम, १९३७ मधल्या नियम १३ खाली येतं. लेखी परवानगीचा विषय आहे. विदर्भात ते नुसतं कागदावरचं नाही: पुलगावचा दारूगोळा डेपो, भंडारा आणि अंबाझरीच्या आयुध निर्माण्या, नागपूरचं हवाई दल. कॅमेरा लावण्याआधी कागद हातात असू द्या.

उरलेल्या बारीक तक्रारी

जेली नाही, पण चित्रात ट्राइकच डुलतोय आणि क्षितिज मात्र थिजल्यासारखं आहे? तो कॅमेऱ्यातल्या इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरणाचा खेळ. ते क्षितिज पकडतं, म्हणून गाडी हलताना दिसते. ते बंद करून एक उड्डाण करा. सोबत जेलीही असेल आणि बंद केल्यावर ती तशीच राहिली, तर दोष माउंटचा किंवा वाढलेल्या कंपनाचा. बंद केल्यावर गेली, तर थरथरीनं कॅमेऱ्यातला हालचाल मोजणारा जायरोच फसत होता.

पाती वाकडी, कोयत्यासारखी दिसतात? दिसू द्या. तेही ओळीनं वाचण्याचंच फळ, पाती धडधाकट असतात.

मोबाइल क्लॅम्पमध्ये लावायचा विचार असेल तर सोडा. अ‍ॅपलनं २०२१ साली स्वतःच सांगितलंय की मोटरसायकलच्या इंजिनासारखी जोराची थरथर आयफोनच्या कॅमेऱ्यातल्या स्थिरीकरणाला आणि फोकसला बिघडवू शकते. टू-स्ट्रोक ट्राइक मोटरसायकलपेक्षा काही दयाळू नाही.

मे महिन्यात कॅमेरा दहा मिनिटांत तापून बंद पडतो? उभ्या ट्राइकवर, उन्हात, तो आधीच चालू करून ठेवू नका. सावलीत ठेवा, उड्डाणाआधी लावा. हवेत वारा लागला की तो सांभाळतो. आणि साडेआठनंतर आमच्याकडे थर्मल, म्हणजे गरम हवेचे वर चढणारे झोत, सुटतात; मग जेली काय आणि चित्र काय, कॅप्टनच वैतागून खाली येतात.

इंटरकॉममध्ये खरखर येत असेल तर कॅमेऱ्याची चार्जिंगची वायर काढून पाहा. आमची तेवढ्यानंच गेली.

एक लहर अजून आहे. आयडलवर, म्हणजे इंजिन नुसतं मंद चालू असताना, दोन हजार आरपीएमच्या आसपास, अख्खी गाडी गदगदा हलते आणि चित्रात सगळं गाव पाण्यात पडल्यासारखं दिसतं. हलके क्लॅम्प, जड क्लॅम्प, सगळं करून झालं. इंजिनच तिथे रबरांवर नाचतं, तर दांडी काय करणार. ती मी सोडून दिली. कॅप्टन उतरून टॅक्सी करायला, म्हणजे जमिनीवरून ट्राइक चालवत न्यायला लागले की तेवढा भाग कापून टाकतो.